मावशी, मी आणि टिफनीचे दिवे

मावशी न्यूजर्सीतल्या एडिसनला राहते. तिच्या जेवणाच्या टेबलावर छताला एक रंगीत काचेचा दिवा लटकतो. घर विकत घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने तो तसाच ठेवून दिला होता. लाल ट्यूलिप, हिरवी पानं, मधे पिवळट पट्टा. गेली चोवीस वर्षं ती त्याच्याखाली भाज्या निवडते आहे. ऑक्टोबरात मी गेले तेव्हा पहिल्याच रात्री मी दिव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा टिफनी स्टाईल." तिने विचारलं, "स्टाईल म्हणजे? खरा कसा असतो मग?" मला धड सांगता आलं नाही. त्या एका प्रश्नापायी पुढचा आठवडा गेला.

एक घोळ आधीच मिटवून टाकते. टिफनी म्हटलं की बहुतेकांना फिफ्थ अव्हेन्यूवरचं दागिन्यांचं दुकान आठवतं. ते चार्ल्स लुईस टिफनीचं. दिवे त्याच्या मुलाचे, लुई कम्फर्ट टिफनीचे (१८४८–१९३३). मुलगा बापाच्या गल्ल्यावर बसला नाही. आधी चित्रकार झाला आणि मग काचेच्या नादी लागला.

सोमवार : बंद दार

पेन स्टेशनपर्यंतची गाडी, पुढे सबवे, सगळं वेळेवर. बाहेर पडलो तर पाऊस. सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला, ७७व्या रस्त्यावरच्या 'न्यूयॉर्क हिस्टॉरिकल' संग्रहालयाच्या पायऱ्या चढलो आणि दार बंद. सोमवारी सुट्टी असते, आणि हे मला माहीत असायला हवं होतं. मावशी काही बोलली नाही. फक्त छत्री माझ्या हातात दिली. तिच्या भाषेत याचा अर्थ 'आता तूच धर'.

मग एका छत्रीत दोघी, पार्क आडवा कापून पलीकडच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला. मेट सोमवारी उघडं असतं, बुधवारी बंद. (तिकिटाचं सांगायचं तर न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना मनाला येईल तेवढे पैसे देता येतात. न्यूजर्सीत राहणाऱ्या मावशीला नाही. "नदीच्या अलीकडे राहते हा गुन्हा?" असं ती दिवसभर मधूनमधून म्हणत होती.)

अमेरिकन विंगमधल्या काचेच्या छताच्या मोठ्या चौकात टिफनीच्या घराचा व्हरांडा उभा आहे. लाँग आयलंडवरचं ते घर, लॉरेल्टन हॉल, १९५७ साली जळालं. त्यातून वाचलेले हे खांब. त्यांच्या माथ्यावर फुलं आहेत, आणि एका खांबावरची दुसऱ्यावर नाहीत. पण आम्ही खिळलो ते 'ऑटम लँडस्केप' या खिडकीपुढे, १९२३-२४ची. मावळता सूर्य, डोंगर, झाडं, पाणी. मावशी म्हणाली, "किती बारीक रंगवलंय." तिथल्या वयस्कर रक्षकाने आमच्या बोटांच्या दिशेवरून काय ते ओळखलं असावं. तो जवळ येऊन सांगू लागला की यात रंगवलेलं जवळपास काहीच नाही. झाडाच्या सालीवरची रेघ, पाण्यावरचा तरंग, आभाळातला धुरकटपणा हे सगळं काच वितळलेली असतानाच तिच्यात उतरलेलं आहे. जिथे खोली हवी तिथे एकावर एक काचा चढवल्या आहेत.

मावशीने मान तिरकी केली. "म्हणजे चित्र काचेत आधीपासूनच होतं. फक्त ते कुठे आहे ते शोधायचं."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा उपयोग पुढे झाला.

मंगळवार : शंभर दिवे

पुन्हा त्याच पायऱ्या. आज ऊन, आणि रांगेत आम्ही तिसऱ्या.

थेट चौथ्या मजल्यावर जा, वाटेत कुठेही रेंगाळू नका. दारातून आत शिरताना आधी डोळ्यांना काहीच दिसत नाही, इतका अंधार असतो. मग हळूहळू दिवे उगवतात. वळणदार काचांच्या कपाटांमध्ये शंभर टिफनी दिवे, सगळे पेटवलेले, आणि त्यांच्यामधून वर जाणारा काचेचाच जिना. हे दालन २०१७ साली उघडलं. त्याची रचना चेक वंशाच्या वास्तुविशारद एवा यिर्चिना यांची. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात आम्ही जेमतेम सहाजण होतो. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. गाभाऱ्यात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं.

हे दिवे इथे आले त्याची गोष्ट मला फार आवडली. एगॉन नॉयस्टाट हे ऑस्ट्रियात जन्मलेले डॉक्टर. दात सरळ करायचे, तारा बसवायचे. १९३५ साली नवं लग्न झालेलं असताना ते आणि पत्नी हिल्डेगार्ड ग्रीनिच व्हिलेजमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात फर्निचर बघायला गेले, आणि डॅफोडिलची फुलं असलेला एक दिवा साडेबारा डॉलरला घेऊन आले. तेव्हा हे दिवे कुणालाच नको होते. टिफनीच्या कंपनीचं १९३२ साली दिवाळं निघालं होतं, पुढच्या वर्षी तो स्वतः वारला, आणि लोकांना आता गुळगुळीत, सरळ रेषांच्या वस्तू हव्या होत्या. डॉक्टर मात्र घेत राहिले. १९८०च्या दशकात त्यांनी या संग्रहालयाला १३२ दिवे देऊन टाकले. आणि गुलाबी कमळाचा एक टिफनी दिवा १९९७ साली लिलावात २८ लाख डॉलरला गेला. हे ऐकून मावशी म्हणाली, "साडेबारा डॉलरला आज एक दातसुद्धा दाखवता येत नाही."

दुसरी गोष्ट बायकांची.

विसाव्या शतकात जवळपास संपूर्ण काळ हे दिवे एकट्या टिफनीच्या नावावर होते. मग क्लारा ड्रिस्कॉल या बाईने आई आणि बहिणींना लिहिलेली पत्रं अभ्यासकांच्या हाती लागली आणि याच संग्रहालयाने २००७ साली त्यावर प्रदर्शन भरवलं. क्लारा ओहायोची, जन्म १८६१. टिफनीने १८९२ साली काच कापण्याचा बायकांचा स्वतंत्र विभाग काढला, त्याची ती प्रमुख. विस्टेरियाची वेल, चतुर (ड्रॅगनफ्लाय), पिओनी, डॅफोडिल, म्हणजे ज्या दिव्यांची चित्रं आज मगवर आणि कॅलेंडरवर येतात, त्यांतले कितीतरी तिच्या डोक्यातून आलेले. चतुराच्या दिव्याला १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पारितोषिक मिळालं.

त्या विभागात फक्त अविवाहित मुली. लग्न ठरलं की नोकरी सुटली. १९०३ साली पुरुष कारागिरांच्या संघटनेने बायकांच्या कामावर हरकत घेतली. तडजोड झाली ती अशी, की विभाग चालेल पण सत्तावीसच्या वर बायका नकोत. मावशीने तो मजकूर दोनदा वाचला. सत्तावीसच का, हे तिला कुठेच मिळालं नाही.

आता दिव्यांपाशी येते. विस्टेरियाच्या दिव्यात काचेचे जवळजवळ दोन हजार तुकडे आहेत. वरती फांद्यांची कांस्याची जाळी, खाली निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस, आणि कडा सरळ नाही. घोस जिथे संपतो तिथे दिवा संपतो. १९०६च्या दरपत्रकात त्याची किंमत होती ४०० डॉलर. मी त्या घोसाकडे बराच वेळ बघत होते. प्रत्येक पाकळीचा तुकडा नखाएवढा. एकाच निळ्यात वरून खाली जाताना आधी पांढरट, मग आकाशी, मग जांभळा, आणि अगदी टोकाला एखादाच तुकडा असा गडद, की त्यामुळे बाकीचे उजळ वाटावेत. हा तुकडा मोठ्या तक्त्याच्या नेमक्या कुठल्या इंचातून घ्यायचा, हे कुणीतरी उजेडासमोर काच धरून ठरवलं होतं. दोन हजार वेळा.

मावशीचं लक्ष दुसरीकडेच. ती दोन डॅफोडिल दिव्यांमध्ये येरझाऱ्या घालत होती. साचा तोच, फुलं तीच, पण एकात सकाळ होती आणि दुसऱ्यात पाऊस येणार होता. "आईची गोधडी आठवते?" तिने विचारलं. आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे अंगणात पसरायची. आम्ही म्हणायचो, लाव ना कुठलाही, काय फरक पडतो. ती एक तुकडा उचलायची, ठेवायची, फिरवून पुन्हा ठेवायची. "शिवायला आठ दिवस, मांडायला पंधरा," मावशी म्हणाली. "कापायला कुणालाही शिकवता येतं गं."

खाली एका पाटीवर विभागणीही कळली. भौमितिक चौकटींचे दिवे पुरुषांकडे, वेड्यावाकड्या फुलापानांचे बायकांकडे. बायका काच निवडायच्या, कापायच्या, कडेला तांब्याची पट्टी लावायच्या. डाख देऊन जोडायचं काम मात्र पुरुषांचं.

इथे एक सांगून ठेवते. दिव्यासमोर उभं राहून समोरून बघितलंत तर अर्धंच बघितलंत. वाकून छत्रीच्या आतून बघा. बल्ब दिसतो, पण बाहेरून तो का दिसत नाही ते तिथे कळतं. ही काच पारदर्शक नाही, दुधी आहे. तिच्यातले सूक्ष्म कण उजेड अडवत नाहीत, विखुरतात. विजेचा बल्ब नवा होता, त्याचा झोत डोळ्यांत खुपायचा. या काचेने तो पसरवून मऊ केला. एडिसनच्या नावाच्या गावात राहणाऱ्या मावशीला हे फारच पटलं.

बुधवार : सात नंबरची गाडी आणि डोसा

क्वीन्सकडे जाणारी सात नंबरची गाडी रस्त्याच्या डोक्यावरून धावते. खिडकीतून घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, स्पॅनिश पाट्या. कोरोना नावाचं स्टेशन आलं तेव्हा डब्यात आम्ही दोघीच एकमेकींकडे बघून हसलो. तो आजार आठवून नव्हे. टिफनीची काचेची भट्टी १८९३ पासून याच कोरोनात होती, म्हणून.

उतरून फ्लशिंग मेडोज पार्कातून चालत गेलो. १९६४च्या जागतिक मेळ्यासाठी उभारलेला पोलादी पृथ्वीगोल लांबूनच दिसतो. वारा इतका होता, की मावशीच्या ओढणीने दोनदा पळ काढला. क्वीन्स म्युझियमची इमारत त्याआधीच्या, १९३९च्या मेळ्यातली. नॉयस्टाट यांच्या संग्रहाचा दुसरा भाग इथे आहे, आणि माझ्या मते ज्याला दिवा 'कसा' हे कळून घ्यायचं आहे त्याने इथे यायलाच हवं. या संग्रहाकडे टिफनीच्या कारखान्यात उरलेल्या काचेचे अडीच लाखांहून जास्त तुकडे आहेत. दिवा न झालेली काच.

त्यातल्या थोड्याच मांडलेल्या असतात, पण प्रकार बघून थक्क व्हायला होतं. एका काचेला साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या, कारण वितळलेला तक्ता चिमट्यांनी ढकलून चुरगळलेला. एकीत पातळ काचेच्या रंगीत चकत्यांचा चुरा विखरून त्यावर गरम काच ओतलेली, ती दिव्यात फुलांमागची दाट पानं होते. एकीवर चट्ट्यापट्ट्यांची गोल नक्षी, उन्हात झाडाखाली पडते तशी. मावशीच्या तोंडून आपोआप शब्द निघाले, "ही इरकली, ही बांधणी, ही लहरिया." शेजारची बाई आदराने ऐकत होती. तिला वाटलं काचेची शास्त्रीय नावं चालली आहेत.

खऱ्याखोट्याची ओळखही इथे मिळते. खाली टिफनी स्टुडिओजचा शिक्का असणं हा पुरावा नव्हे, शिक्का कुणीही मारतो. बघायची ती काच. नकली दिव्यात एका पाकळीचे सगळे तुकडे एकाच रंगाचे असतात, कारण एका तक्त्यातून भराभर कापलेले. मावशी म्हणाली, "माझा ट्यूलिप गेला." मी म्हटलं, "अगं, त्याच्याखाली चोवीस वर्षं भाजी निवडलीस ना." "भाजी निवडली," ती म्हणाली, "दिवा नाही."

निघण्यापूर्वी न्यूयॉर्क शहराची प्रतिकृती बघितलीच पाहिजे. तीही १९६४ची, आठ लाख ९५ हजार इमारतींची. आम्हाला त्यात कालच्या संग्रहालयाचं छप्पर सापडलं.

भूक लागली होती. परत गाडी धरून शेवटचं स्टेशन, मेन स्ट्रीट, आणि तिथून बाऊन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ. १९७७ सालचं. दर्शन झालं की सरळ तळघरातल्या कँटीनमध्ये जा. कागदी ताटात मावत नाही एवढा डोसा, आणि पातळ, झणझणीत सांबार. समोरच्या बाकावर एक तेलुगू आजोबा होते. कुठून आलात विचारल्यावर आम्ही दिव्यांचं सांगितलं. ते म्हणाले, माझी बायको दिवे पुसायची तेव्हा मी कधी बघितलं नाही. मग बराच वेळ कॉफीकडे बघत राहिले. आम्हीही काही बोललो नाही.

गुरुवार : हात कापला, थोडासाच

ब्रुकलिनमधल्या एका छोट्या कार्यशाळेत एका दिवसाचा वर्ग आधीच घेऊन ठेवला होता. दिवा एका दिवसात होत नाही, आम्ही खिडकीला टांगायचा चतुराचा एक पंख करणार होतो. नऊ तुकडे. फक्त नऊ, असं मला सकाळी वाटत होतं.

आपल्याकडे काचवाला ज्याला 'हिरा' म्हणतो, तसंच हत्यार, पण टोकाला बारीक चाक आणि आत तेल. काच खरं तर कापली जात नाही. वर एक ओरखडा ओढायचा आणि मग पकडीने दाब देऊन त्या रेषेवर मोडायची. ओरखडा एकदाच, न थांबता. नीट पडला तर रेशीम फाटल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्यांदा त्यावरून फिरवलंत तर काच तिला हवी तिथे फुटते. माझ्या तीन काचा अशा फुटल्या आणि अंगठ्याला पट्टी लागली. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, केस आखूड, चष्मा दोरीला. त्यांनी पट्टी लावता लावता सांगितलं, "इथे रक्त न काढता कुणी काही शिकलेलं नाही."

नमुन्याचा कागद कापायची कात्री तीन पात्यांची असते. मधलं पातं कागदाची केसाएवढी पट्टी काढून टाकतं. ती जागा तांब्याची. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकट पट्टी गुंडाळायची, दाबून बसवायची, मग फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचं द्रव्य) लावून कथिल-शिशाचा डाख वितळवत जोडायचं. पूर्वी खिडक्यांत शिशाच्या जाड पन्हाळ्यांत काचा बसवायचे. तसलं शिसं घेऊन नखाएवढ्या पाकळ्यांचा घुमट वळवता आला नसता. या पातळ पट्टीमुळेच ते जमलं. (डाख देताना खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, तोपर्यंत काही खाऊ नका. शिशाशी खेळ नको.)

माझा पंख दुपारी दोनपर्यंत कापून झाला. मावशीची एकही काच कापलेली नव्हती. ती खिडकीशी उभी राहून एक निळा तक्ता फिरवत होती. त्यात पांढरा धुरकट पट्टा होता. नमुना त्यावर ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, अर्ध्या इंचाने सरकवायचं, पुन्हा धरायचं. बाई जवळ आल्या. मला वाटलं घाई करायला सांगतील. त्यांनी तिच्या हातातला कागद नुसता थोडा तिरका केला. पट्टा पंखाच्या शिरेसारखा लांब धावला. दोघी काहीच बोलल्या नाहीत, दोघींनी मान हलवली. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला काचकामातलं इंग्रजी.

मावशीने मग सगळं दीड तासात कापलं. एकही काच फुटली नाही. मला थोडा राग आला.

शुक्रवार-शनिवार : कॉर्निंग

बसने पाच तास. गाडी दीड तास उशिरा सुटली, त्यात थांब्यावर शौचालय बंद, याहून जास्त लिहीत नाही. पण वाटेतले डोंगर ऑक्टोबरात असे पेटलेले असतात, की मेटमधली ती खिडकी एकदम साधी वाटायला लागली. मावशी काचेला नाक लावून बसली होती.

कॉर्निंग हे काचेवर जगलेलं गाव, आणि तिथलं काचेचं संग्रहालय १९५१ सालचं. १९७२च्या चक्रीवादळात नदीचं पाणी त्यात शिरलं होतं. तिकीट लागोपाठ दोन दिवस चालतं, त्यामुळे मुक्काम कराच. इथे १९०५ची टिफनीची मोठी खिडकी आहे, हडसन नदीच्या देखाव्याची. पण मला थांबवलं दुसऱ्याच गोष्टीने. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी १९३४ साली ओतलेली २०० इंची काचेची तबकडी. ओतताना साच्यातले गाभे सुटून वर तरंगले आणि ती बाद झाली. दुसरी ओतावी लागली आणि तीही कित्येक महिने हळूहळू निववली. घाईने निवली की काच आतून ताणली जाते आणि तडकते. आम्ही तिथे फुंकून केलेला छोटा गोळासुद्धा हाताशी लगेच मिळाला नाही, रात्रभर निवायला ठेवला. सकाळी घेतला. वाकडा आहे. पेपरवेट म्हणून चालतो.

मी घरी येऊन दोन आठवडे झाले तेव्हा मावशीचा फोन आला. पंख तिने स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलाय. ट्यूलिपचा दिवाही तसाच आहे, भाजीला उजेड लागतोच. मी विचारलं, कसा दिसतो पंख?

"सकाळी छान दिसतो," ती म्हणाली. "पण दुपारी चारला ऊन पलीकडून येतं ना, तेव्हा कळतं. तो टोकाचा तुकडा अजून थोडा फिरवून घ्यायला हवा होता गं."